फोनची काच बिघडली की नुसती झिजली?



गेल्या काही महिन्यांत गावोगावच्या बैठकांमध्ये एक तक्रार सारखी कानावर येते आहे. "ताई, फोन नवा होता तेव्हा काचेवर बोट कसं सरसर फिरायचं. आता चिकटल्यासारखं होतं. कितीही पुसलं तरी बोटांचे डाग राहतातच. फोन बिघडला का?" काही जणींनी तर ही तक्रार घरात सांगितलीच नाही. सांगितलं की "तुला फोन सांभाळता येत नाही" हे ऐकावं लागतं, आणि मग फोन मुलाच्या नाहीतर मालकांच्या खिशात जातो.

म्हणून या अंकाचा पाठ फोनच्या काचेवर आहे. विषय छोटा वाटेल, पण आपल्या गटाचा निम्मा कारभार आता फोनवर आला आहे. बँकेचा मेसेज, हप्त्याचा भरणा, पापड-मसाल्याची ऑर्डर, बैठकीचा निरोप, सगळं त्यातच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का. हो म्हणणाऱ्या १०० मध्ये साधारण ५४ निघाल्या. ग्रामीण भागात तर ४७ च्या आसपास. म्हणजे आपल्या हातात आलेला फोन ही अजून सगळ्यांना मिळालेली गोष्ट नाही. ती अज्ञानापोटी हातातून जाऊ द्यायची नाही.

१. काचेवर असतं तरी काय?

अळूचं पान सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर पाणी टाकलं तर थेंब गोल होतो आणि घरंगळून जातो, पान ओलं होत नाही. कारण पानाच्या अंगावरच तशी रचना असते. चांगल्या फोनच्या काचेवर कारखान्यात असाच एक थर चढवतात. तो पाण्याला धरत नाही आणि बोटाच्या तेलालाही धरत नाही. त्यामुळे बोट सहज सरकतं आणि डाग एका फटक्यात पुसले जातात.

हा थर डोळ्यांना दिसत नाही. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीचे हजारो भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा तो पातळ असतो. तो ज्या जातीच्या रसायनापासून बनतो, त्याचंच भावंड आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं. हा तवा तारेच्या घासणीने घासला की काय होतं हे वेगळं सांगायला नको. थर जातो आणि डोसा चिकटायला लागतो. तवा फुटलेला नसतो, नुसता थर गेलेला असतो. फोनचंही तसंच आहे.

हे लक्षात घ्या: थर वेगळा आणि काच वेगळी. थर गेला म्हणजे काच कमजोर झाली असं नाही. फोनची काच साध्या काचेपेक्षा मजबूत असते, कारण ती कारखान्यात वितळलेल्या क्षारात बुडवून तिचा पृष्ठभाग आतून घट्ट केलेला असतो. ती मजबुती थराबरोबर निघून जात नाही. फोन चालतो, टच चालतो, कॅमेरा चालतो. फक्त काच चिकट लागते आणि डाग जास्त दिसतात.

आणि हा थर प्रत्येकाच्याच फोनवरून जातो. थर वापराने कमी होत जातो, आणि खरखरीत वस्तूने घासला तर आणखी लवकर जातो, असं ॲपलसारखी महागडे फोन बनवणारी कंपनीसुद्धा स्वतः सांगते. स्वस्त फोनवर तो मुळातच हलका असतो, काहींवर नसतोही. चपलेचा तळ झिजतो तशी ही झीज आहे. त्यात वापरणाऱ्या बाईचा दोष नाही.

२. आपल्याकडे हा थर कशाने जातो?

सर्वांत जास्त आपल्याच बोटाने. आपण सारखं एकाच जागी बोट लावतो, म्हणजे खाली मधोमध आणि पिनचे आकडे येतात तिथे. तिथला थर आधी जातो. हे टाळता येत नाही. पण खालच्या गोष्टी टाळता येतात:

- पदराने पुसणं. पदर मऊ असतो, पण शेतातून, रस्त्यावरून आल्यावर त्यात धूळ बसलेली असते. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. वाळू म्हणजे गारगोटीचाच चुरा, आणि गारगोटी काचेपेक्षा कठीण असते. म्हणून पदराने जोरात पुसलं की थर तर जातोच, काचेवर चरेही पडतात.
- राख, टूथपेस्ट, भांड्याची पावडर. चरे जातात म्हणून हे उपाय मोबाईलवर फिरत असतात. या सगळ्या घासून काढणाऱ्या वस्तू आहेत. चरा जात नाही, थर मात्र जातो.
- रॉकेल, नेलपॉलिश काढायचं पाणी, ब्लीच, खिडकीची काच पुसायचा स्प्रे. ही तीव्र रसायनं आहेत, फोनला नकोत.
- रोज सॅनिटायझर. कोरोनाच्या काळात लागलेली सवय काही जणींची अजून आहे. कधीतरी हलक्या हाताने चालेल, रोज चोळून नको.
- मिसरीचं, हळदीचं, चुन्याचं, पिठाचं बोट. याने डाग बसतात. डाग काढायला आपण जास्त घासतो आणि त्यात थर जातो. फोन घेण्याआधी हात धुऊन कोरडा करा.

हात कोरडा करायचं आणखी एक कारण आहे. फोनची काच दाबाने चालत नाही. आपल्या शरीरातून वीज जाऊ शकते, त्यावरून बोट कुठे टेकलं हे तिला कळतं. पाण्यातूनही वीज जाते. म्हणून ओल्या हाताने फोन गोंधळतो, एक दाबलं तर दुसरंच उमटतं. पैसे पाठवताना ५०० च्या जागी ५,००० व्हायला वेळ लागत नाही. पैशाचं काम नेहमी कोरड्या हाताने, कोरड्या काचेवर आणि रक्कम एकदा मोठ्याने वाचूनच करायचं.

३. काय झालंय ते आधी ओळखा

दुकानात जाण्याआधी घरीच तपासा. झीज, चरा, तडा आणि डिस्प्लेचा बिघाड या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा खर्चही वेगवेगळा आहे.

झीज: काच चिकट लागते, डाग लवकर पडतात, पण चित्र स्वच्छ दिसतं. परीक्षा सोपी आहे. फोन बंद करून सपाट ठेवा. बोटाच्या टोकाने पाण्याचा एकच बारीक थेंब काचेच्या मधोमध सोडा, भोकांपासून लांब. थेंब अळूच्या पानावरच्यासारखा गोल उभा राहिला तर थर शिल्लक आहे. पसरून चपटा झाला तर थर गेला. लगेच पुसून घ्या. खर्च: काही नाही. हवं तर वरून ग्लास लावा.

चरा: नखाला लागणारी रेघ. फोन चालतो. खर्च: काही नाही किंवा ग्लासपुरता. वरून ग्लास लावली की बारीक चरे फारसे दिसत नाहीत.

तडा: काच फुटली, पण चित्र आणि टच नीट आहे. बोटाला कुसळ लागू नये म्हणून वरून ग्लास लावून काही काळ काम चालवता येतं. ओलाव्यापासून मात्र जपा, कारण तड्यातून पाणी आत जातं.

डिस्प्लेचा बिघाड: रंगीत रेघा, काळा डाग जो वाढत जातो, अर्ध्या भागात टच नाही. इथे मात्र रिपेअरिंगवाल्याकडे जावं लागेल. आपोआप टच होत असेल तर आधी चार्जर काढून बघा. खराब किंवा फार स्वस्त चार्जरनेही असं होतं. चार्जर काढल्यावर थांबलं तर दोष चार्जरचा आहे, डिस्प्लेचा नाही.

४. २,८०० रुपयांचा चरा

ही ओळख किती कामाची आहे ते एका बैठकीतल्या गोष्टीवरून सांगते. तिथे एका मावशींनी अंतर्गत कर्जाची मागणी केली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "फोनच्या काचेवर लई चरे पडलेत, आकडे दिसत नाहीत. दुकानदार म्हणाला डिस्प्ले बदलावा लागेल, २,८०० रुपये." घरातून बोलणी बसली होती. फोन परत द्या असं मुलगा म्हणत होता.

गटाच्या सचिव ताईंनी फोन हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि कडेवर नख फिरवलं. नख एका जागी अडकलं. तिथून एक पातळ पारदर्शक कागद सुटायला लागला. तो पूर्ण काढला, आणि खालची काच कोरी करकरीत! सगळे चरे त्या कागदावर होते.

बऱ्याच कंपन्या नव्या फोनवर कारखान्यातच प्लास्टिकची एक पातळ फिल्म लावून देतात. ती इतकी बेमालूम बसलेली असते, की तीच काच वाटते. प्लास्टिक मऊ असल्यामुळे चार-सहा महिन्यांत ती चऱ्यांनी भरते. ती फेकायचीच असते.

मावशींनी कर्जाची मागणी मागे घेतली आणि १२० रुपयांची ग्लास लावून घेतली. हिशेब करून बघा. महिना १०० रुपये बचत करणाऱ्या बाईसाठी २,८०० रुपये म्हणजे २८ महिन्यांची बचत. वर कर्जाचं व्याज वेगळं. दुकानदाराने घाईत पाहिलं असेल किंवा आणखी काही असेल, आपण त्यात पडायला नको. पण कडेवर नख फिरवल्याशिवाय डिस्प्ले बदलायला होकार द्यायचा नाही, एवढं प्रत्येकीने लक्षात ठेवा.

५. टेम्पर्ड ग्लास काय करते आणि काय करत नाही

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक प्लास्टिकची फिल्म. ती चऱ्यांपासून वाचवते, पण फोन पडला तर फारसा उपयोग नाही. दुसरी टेम्पर्ड ग्लास. ती खरी काचच असते, साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर जाड, खाली चिकट थर असलेली. झीज, चरे आणि पडण्याचा पहिला मार ती स्वतःवर घेते. फुटली तरी तुकडे चिकटून राहतात. आपल्या वापराला हीच बरी.

पण तिच्याबद्दल काही गैरसमज आहेत.

"९एच आहे, याच्यावर चराच पडत नाही" असं सांगतात. हे ९एच म्हणजे पेन्सिलीच्या कठीणपणाचं माप आहे. सर्वांत कठीण पेन्सिलीने चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूच्या कणाने चरा पडतोच. "११डी", "२१डी" या आकड्यांनी काच जास्त मजबूत होते असंही नाही. असल्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका.

ग्लास लावली म्हणजे फोन फुटणारच नाही असंही नाही. फोन बहुतेक वेळा कोपऱ्यावर पडतो. म्हणून ग्लासबरोबर कडा थोड्या वर आलेलं बॅक कव्हरही हवं. फोन पालथा पडला तरी काच जमिनीला लगेच टेकत नाही.

ग्लासवरही तसाच तेल न धरणारा थर असतो आणि तोही झिजतो. पण फरक असा, की तो झिजला तर १०० रुपयांची ग्लास बदलायची, फोन नाही. रोजची झीज स्वस्त वस्तूवर घ्यायची आणि महाग वस्तू वाचवायची. आपण नव्या गादीवर खोळ घालतो ना, तसंच.

काही दुकानांत बाटलीतलं "नॅनो कोटिंग" किंवा "लिक्विड ग्लास" लावून देतात. त्याने काच काही दिवस गुळगुळीत लागू शकते. पण पडल्यावर वाचवायला त्याला जाडीच नसते. त्या पैशात साधी ग्लास घ्या.

६. घेताना आणि लावताना

१. फोनच्या सेटिंग्जमध्ये अगदी शेवटी 'फोनबद्दल' असं असतं. तिथलं मॉडेलचं नाव वहीत लिहून न्या. "थोडी लहान आहे, पण चालेल" अशी ग्लास घेऊ नका. कडेला फट राहिली की धूळ शिरते.

२. आधीची फिल्म किंवा फुटलेली ग्लास पूर्ण काढा. तडा गेलेली ग्लास तशीच ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर मुळीच नको.

३. दुकानात पंख्याखाली, रस्त्याच्या कडेला लावू नका. धुळीचा एक कण आत गेला तरी तिथे बुडबुडा राहतो. "भाऊ, पंखा बंद करा" असं सांगायला लाजू नका.

४. पाकिटातल्या ओल्या फडक्याने काच पुसा, मग कोरड्याने, मग चिकट पट्टीने उरलेले कण टिपून घ्या.

५. वरचा कॅमेरा आणि आवाजाचं भोक जुळवून ग्लास अलगद सोडा. मधोमध बोट ठेवा, ती आपोआप पसरते. उरलेले बुडबुडे कडेकडे ढकला.

६. काचेतच अंगठा लावायचा फोन असेल तर ग्लास लावल्यावर अंगठ्याची जुनी नोंद काढून नवीन करा. काही फोनला जाड ग्लासमधून अंगठा कळत नाही, म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच तपासा. टच कमी लागत असेल तर काही फोनच्या सेटिंग्जमध्ये टचची संवेदनशीलता वाढवायची सोय असते.

७. दिव्याच्या प्रकाशाने सुकवायचा पातळ गोंद वापरून लावायची एक ग्लास मिळते. हा गोंद आवाजाच्या भोकात, बटणांत शिरू शकतो. आपल्या साध्या फोनला तिची गरज नाही.

७. रोज पुसायचं कसं?

जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं फडकं धुऊन, वाळवून एका पिशवीत वेगळं ठेवा. चष्म्याबरोबर मिळणारं फडकं असेल तर उत्तमच. आधी काच तिरकी धरून फुंकर घाला म्हणजे धुळीचे कण उडतील. मग हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा. डाग जात नसेल तर फडक्याचं टोक किंचित ओलं करा. पाणी फोनवर टाकायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. फडकं आठवड्याला धुवा.

८. बोटांचे ठसे आणि आपला पिन

थर गेलेल्या काचेवर तेलकट ठसे ठळक उमटतात. फोन उजेडात तिरका धरला की बोट कुठून कुठे फिरलं ते दिसतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की अशा डागांवरून रेघ ओढून उघडायचं लॉक ओळखता येतं. आपल्या फोनमध्ये बँक आहे. म्हणून रेघेचं लॉक असेल तर ते बदलून आकड्यांचा पिन ठेवा. तो यूपीआयच्या पिनपेक्षा वेगळा असू द्या. आणि पैसे पाठवून झाले की काच एकदा पुसा. फोन दुसऱ्याच्या हातात देण्याआधी तर नक्कीच.

बैठकीत करून पाहू या

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने फोन आणि एक स्वच्छ फडकं आणायचं. बचत गोळा झाल्यावर १५ मिनिटं काढा.

- प्रत्येकीने आपल्या फोनच्या कडेवर नख फिरवायचं. वर काय आहे: फिल्म, ग्लास की उघडी काच?
- पाण्याच्या थेंबाची परीक्षा एका जुन्या आणि एका नव्या फोनवर करून फरक सगळ्यांना दाखवायचा.
- वहीच्या मागच्या पानावर फोनचं मॉडेल आणि ग्लास लावल्याची तारीख लिहायची.
- किती जणींना ग्लास हवी आहे ते मोजायचं. पाच-सात जणींच्या ग्लास एकदम घेतल्या तर दुकानदार भाव कमी करतो. बाजाराला जाणाऱ्या एकीने मॉडेलची यादी घेऊन जायचं.
- ज्यांच्याकडे अजून स्वतःचा फोन नाही, त्यांनीही हे सगळं स्वतःच्या हाताने करायचं. शेजारणीच्या फोनवर करा, पण करा.

आणि एक विनंती. बैठकीत एखादी म्हणाली की फोन घरच्यांनी काढून घेतला, तर कारण विचारा. काच चिकट झाली, चरे पडले एवढंच कारण असेल तर दोघी-तिघींनी तिच्या घरी जा, कडेवर नख फिरवून दाखवा, थेंबाची परीक्षा करून दाखवा. घरच्यांना वस्तू समोर ठेवून सांगितलेलं लवकर पटतं.

कुणाच्या फोनवर काय निघालं, ते महिन्याच्या अहवालासोबत लिहून पाठवा. पुढच्या अंकाचा पाठ चार्जर आणि बॅटरीवर आहे. फोन का गरम होतो आणि रात्रभर चार्जिंगला लावावा का, हे प्रश्न आत्ताच बऱ्याच जणींनी विचारलेत. तुमचेही असतील तर कळवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक